तीन हात पॉलिश

दि. ३ मार्च

चि. ताईस,
बाबाचे पोटभर आशीर्वाद.

तू आणि भिंगरी नीट पोचलात हे फोनवर कळलं होतंच, पण तुझं पत्र हातात पडल्यावर जिवात जीव आला. फोनवर तू कायम घाईत असतेस आणि मी कायम "सगळं ठीक" म्हणतो. तेव्हा ठरवलंय की जे खरं असेल ते पत्रात लिहायचं. खाली कार्बन ठेवलाय. दुकान बंद करून पाच वर्षं झाली, तरी चिठ्ठी लिहिताना कार्बन घालायची खोड जात नाही. गिऱ्हाइकं नंतर "असं ठरलंच नव्हतं" म्हणायची, म्हणून लागलेली सवय. तू तर माझं सगळ्यांत चिकट गिऱ्हाईक, तुझ्या बाबतीत हवाच.

साहेब मजेत आहेत. भिंगरीने त्यांना नाव मात्र अगदी चपखल दिलंय. कुठेही उशिरा पोचतात, कुणाचं ऐकून घेत नाहीत आणि मनाविरुद्ध झालं की डोकं आत ओढून घेतात. मी चाळीस वर्षं ज्या कचेऱ्यांमधली टेबलं पॉलिश केली तिथे असे पुष्कळ पाहिले.

तू कपाटाच्या दाराला चिकटवलेली यादी रोज वाचतो. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली. मऊ ब्रश. साबण नाही, तेल नाही. आधी खाचा, मग चौकोन. फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. मग सकाळचं ऊन, खिडकी उघडून, काचेतून नव्हे. एवढी काळजी तुझ्या आईने माझ्या पाठीची कधी घेतली नाही.

काल कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा ब्रश आणला. लहान मुलांचा, दांड्यावर बदक आहे. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "नातवंडासाठी का?" मी म्हटलं, "नाही हो, कासवासाठी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पैसे देऊन लगेच सटकावं लागलं.

खालचा शिंपी रोज चौकशीला येतो. येतो म्हणजे माझा चहा प्यायला येतो. दुसरी किल्ली अजून त्याच्याकडेच आहे, तुझ्या आईच्या आजारपणापासून. त्याला वाटतं साहेबांना थंडी वाजते. त्यांच्यासाठी अंगरखा शिवू का म्हणून विचारत होता. म्हटलं, बाबा रे, त्यांचा जन्मतः शिवून आलाय.

आता मुद्द्याचं. हत्यारांच्या खोलीतला मोठा बाक मी हलवला. तिथे भिंगरीची खाट येईल. पॉलिशच्या बाटल्या अजून फळीवर आहेत, त्या मेपर्यंत उचलतो. शाळेत जाऊन आलो, पटांगण बरं आहे. तू निघताना म्हणालीस, "बाबा, आधी तीन महिने साहेबांना सांभाळून दाखवा, मग एक जूनला भिंगरी देते." तू हसत होतीस, पण मी तुझा बाप आहे, तू कधी गंमत करतेस आणि कधी नाही ते मला कळतं. जावईबापू जहाजावर, तू पाच महिने त्या प्रशिक्षणाला. मी नाही म्हटलं तर वसतिगृह. सहा वर्षांची पोर. तिकडच्या लोखंडी खाटा बघून ती तुझ्या मागे कशी लपली होती ते मी विसरलेलो नाही.

तेव्हा साहेबांना मी तळहातावरच्या फोडासारखं जपतोय. खरं सांगू? थोडी भीतीही वाटते. एकटा असताना कसली भीती नव्हती. परवा चहाचं भांडं जळून कोळसा झालं, तर हसून दुसरं घेतलं. आता जीव हवाली झालाय.

भिंगरीला गोड पापा. साहेबांनी तिची आठवण काढली असं सांग. काढली नाही, पण सांग.

तुझा
बाबा


दि. १९ मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी ठीक म्हणालो. ठीक नाहीये. 

बुधवारी सकाळी मी साहेबांना उन्हात ठेवायला गेलो. टोपलीचं झाकण उघडलं आणि मला वाटलं, आत भलतंच काहीतरी आहे. साहेब चमकत होते. कोवळं ऊन पाठीवर पडलं तर त्यात मला खिडकीचे गज दिसले, इतके चमकत होते. कुणीतरी त्यांच्या पाठीला पॉलिश लावलंय, ताई. लाखेचं पॉलिश, लाकडाला लावतात ते. कडांपर्यंत, एक जागा न सोडता. साहेबांनी डोकं आत घेतलं होतं आणि मी किती बोलावलं तरी बाहेर काढलं नाही.

मी त्यांना उचललं, उलटसुलट पाहिलं, माझी बोटंसुद्धा तपकिरी झाली. पाण्यात बसवलं तर पाठ पांढरट पडायला लागली. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं. म्हणजे शंकाच नको.

घरात कोण येतं? मी आणि शिंपी. दार फोडलेलं नाही, कडी जागच्या जागी. मी तसाच खाली गेलो. तो कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होता. दोन गिऱ्हाइकं बसलेली. मी त्यांच्यासमोर विचारलं, "माझ्या कासवाला हात कुणी लावला?"

 त्याने सुई कापडात खोचली आणि म्हणाला, "मीच लावला."

"कशाला?"

"चकाकलं तर बरं दिसेल वाटलं. पोर येणार आहे ना तुझी."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. चाळीस वर्षांत बोललो नव्हतो तेवढं बोललो. त्याच्या धंद्यावर गेलो, त्याच्या अकलेवर गेलो. त्याने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. मला सगळ्यांत राग त्याचाच आला, की हा तोंड का उघडत नाही? शेवटी "किल्ली दे" म्हटलं. तर "किल्ली देणार नाही" म्हणाला. बाकी सगळं ऐकून घेतलं, पण किल्ली नाही. ह्याला काय म्हणायचं?

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. तरी रोज दुपारी तो जिन्यात येऊन उभा राहतो. दार उघडत नाही, आत येत नाही. मला त्याच्या चपला ऐकू येतात. मी आतून कडी लावून साहेबांना मांडीवर घेऊन बसतो. आपल्याच घरात, आपल्याच मित्राच्या भीतीने. तो आता काय करेल सांगता येत नाही.

भिंगरीला ह्यातलं काही सांगू नकोस. मी लगेच सगळं साफ करायला घेतो. काल कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा ब्रश आणला. लहान मुलांचा, दांड्यावर बदक आहे. दुकानदारीणबाईंनी विचारलं, नातवंडासाठी का, तर मी म्हटलं, नाही हो, कासवासाठी. त्या हसल्याच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

जूनचं काही बदलू नकोस. माझी तेवढी विनंती आहे.

तुझा
बाबा


दि. २७ मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू विचारतेस की बाबा, ब्रशाचं दोनदा का लिहिलंत. लिहिलं असेल. म्हाताऱ्या माणसांना एकच गंमत पुन्हा सांगायचा हक्क असतो. ते राहू दे.

साहेबांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण आहेत, हाताने खंबीर. त्यांच्या टेबलाचं पॉलिश पार गेलंय, पण मी त्याबद्दल काही बोललो नाही. साहेबांना फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. फडकं काढल्याबरोबर बाई म्हणाल्या, "अरे देवा!" 

मी विचारलं, "एवढं काय? वरचं टणक कवच तर आहे. आत थोडंच जातंय?"

त्या म्हणाल्या, "आजोबा, हे झाकण नाहीये. हे हाड आहे त्याचं, पाठीचा कणा ह्यालाच जोडलेला आहे. इथे बोट लावलं तर त्याला कळतं." आणि त्यांनी खरंच पाठीवर बोटाने हलकेच टिचकी मारली. आत ओढलेला पाय जरासा हलला. ताई, मी इतके दिवस ती पाठ साफ करतोय, पण साहेबांना ते कळत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाकडाला काही कळत नाही. जन्मभर अशाच गोष्टींना हात लावला मी, ज्यांना काही कळत नाही.

पॉलिशमुळे उन्हाचा काही उपयोग होत नाही म्हणाल्या. वरून बंद झालं की खाली ओल कोंडते आणि कवच कुजायला लागतं. मागच्या बाजूला डाव्या कडेला एक जागा मऊ पडलीय. त्यांनी तिथलं थोडं पॉलिश उचललं तर वास आला. तो वास मला अजून येतोय. जंतू आत गेले तर कासव वाचत नाही असं त्या स्वच्छ म्हणाल्या. शिवाय पॉलिशमधल्या स्पिरिटची वाफ त्या एवढ्याशा छातीत किती गेली असेल कोण जाणे.

मी म्हटलं, "स्पिरिटने पाच मिनिटांत काढून देतो." त्या जवळजवळ ओरडल्याच. स्पिरिट अजिबात नाही. कोमट पाण्याने मऊ करायचं आणि बोथट लाकडी पट्टीने, पापुद्रा सुटेल तेवढाच उचलायचा. दिवसाला दोन चौकोन, जास्त नाही. पाठीवर तेरा मोठे चौकोन असतात, शिवाय कडेचे बारके. मऊ जागेला दिवसातून दोनदा मलम, आणि ती जागा कोरडी ठेवायची.

मग पट्टी हातात घेऊन त्यांनी साहेबांना दिव्याखाली तिरकं धरलं. म्हणाल्या, "केलंय कुणी हे? इतकं सफाईदार? कुठे डाग नाही, कुठे ओघळ नाही."

मीही वाकून पाहिलं. तिरक्या उजेडात पॉलिशवरचा हात दिसतो. कापसाची पुरचुंडी कशी फिरली, कुठे टेकली, कुठून उचलली, सगळं.

मी म्हणालो, "आमच्याकडच्या शिंप्याने."

ह्यावर मला आज काही लिहायचं नाही.

तुझा
बाबा


दि. ४ एप्रिल

चि. ताई,

साहेब तीन दिवस खात नाहीयेत. पाच चौकोन झाले. मऊ जागा नखाएवढी होती, ती तेवढीच आहे, वाढलेली नाही. हीच काय ती बातमी.

पट्टी मी दोन्ही हातांनी धरतो. काम सुरू करण्याआधी मोठ्याने म्हणतो, "हे कासव आहे. हे साहेब आहेत. भिंगरीचे." असं तीनदा म्हणतो आणि मगच हात लावतो. का म्हणतो ते विचारू नकोस.

चार दिवस फोन करू नकोस. मी उचलला तर ठीक आहे म्हणेन.

बाबा


दि. १२ एप्रिल
(तारीख शिंप्याच्या कॅलेंडरवरून घातली आहे.)

चि. ताईस,
तुला आणि भिंगरीला मनापासून आशीर्वाद. हे पत्र बसून वाच. कामावर जाताना वाचू नकोस.

पॉलिश शिंप्याने लावलेलं नाही. मी लावलंय.

हे वाक्य लिहायला मला सोळा दिवस लागले. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, त्या दिव्याखाली मला ते कळलं होतं. तुला आठवतं का, लहानपणी तू दुकानात माझ्या शेजारी बसून हवेत बोट फिरवायचीस, मी पुरचुंडी फिरवायचो तसं? इंग्रजी आठासारखा हात, आणि कडेला आलं की न थांबता बाहेर उचलायचा. पुरचुंडी थांबली की डाग पडतो. साहेबांच्या पाठीवर एकही डाग नाही. आणि कडेची खालची बाजू, जी जमिनीकडे असते, जी कुणी कधी बघणार नाही, तिथेही पॉलिश आहे. कुणी बघत नाही तिथे पॉलिश करणारा ह्या गावात एकच माणूस होता. तुझी आई त्यावरून मला वेडा म्हणायची. शिंप्याला तर साधी फुटपट्टी पॉलिश करता येणार नाही.

आणि माझी बोटं तपकिरी होती. वाळलेलं पॉलिश बोटांना लागत नाही. हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगितलंय.

पण सगळ्यांत वाईट पुढेच आहे. मी ते पापुद्रे उजेडात धरून पाहिले. तीन हात आहेत, ताई. प्रत्येक हात वाळू द्यायचा, मध्ये घासून घ्यायचा, मग दुसरा. मी दिवसाला एकच हात देतो, घाई करत नाही. म्हणजे एकदा चूक झाली असं नाही. मी तीन दिवस, तीन वेळा बसलो. पुरचुंडी बांधली, बाटली उघडली, साहेबांना धरलं. आणि त्यातला एकही क्षण मला आठवत नाही. मी डोकं आपटून घेतलं तरी आठवत नाही. तिथे नुसतीच भिंत आहे.

तुझं ते ब्रशाचं विचारणं मनातून जाईना. म्हणून पत्रांच्या कार्बन प्रती काढून वाचल्या. शब्दन् शब्द तोच. मग खण उघडला. बदकाचे ब्रश निघाले. सहा. म्हणजे मी सहा वेळा त्या बाईंना तीच गंमत सांगितली, आणि त्या बिचाऱ्या हसेनाशा झाल्या.

तीन दिवसांपूर्वी खाली गेलो. शिंपी एकटाच होता. मी म्हटलं, "तू खोटं का बोललास?"

तो म्हणाला, "बस आधी." स्टूल पुढे केलं. मशीनवरचा पाय काढला. मग त्याने सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्या मला ते असंच आठवेल की नाही सांगता येत नाही.

"मंगळवारी दुपारी वर आलो. तू हत्यारांच्या खोलीत बसला होतास. गुणगुणत होतास, इतका खुशीत मी तुला वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता. म्हटलं, अरे काय करतोयस? तू म्हणालास, 'झाकण आहे. उद्या न्यायला येणार आहेत.' मी म्हटलं, अरे, ते कासव आहे. तर तू वर बघितलंस आणि म्हणालास, 'अहो, तुम्ही बाहेर बसा, मी बोलावतो.'"

ताई, चाळीस वर्षांत मी त्याला अहो म्हटलेलं नाही. तो सांगताना हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग साहेबांनी पाय बाहेर काढले. तू म्हणालास, 'बिजागऱ्या सैल आहेत.' आणि स्क्रू पिळायचं हत्यार उचललंस."

 तो म्हणाला, "मी तुझ्या हातातून काढून घेतलं. तू दिलंस. भांडला नाहीस. म्हणालास, 'बरं, मग उद्या करू.' आणि आत जाऊन झोपलास. उठल्यावर मला म्हणालास, 'अरे, तू कधी आलास? चहा टाकू का?' मी चहा प्यायलो. काय करू? मला वाटलं, पाठ चमकतेय तर चमकू दे, जीव तर वाचला. मला कुठे ठाऊक त्या पॉलिशने कवच सडतं ते. आणि सकाळी तू चार माणसांत विचारलंस, तर मी काय सांगू? ती गिऱ्हाइकं बसलेली. म्हटलं, माझ्यावर आलं तर काय बिघडतं."

म्हणून त्याने किल्ली दिली नाही. म्हणून तो रोज दुपारी जिन्यात उभा राहायचा. मी आत कडी लावून त्याच्या चपलांना घाबरत होतो, आणि तो बाहेर माझ्या गुणगुणण्याला घाबरत होता.

आता कामाचं लिहितो. साहेब खाली शिंप्याकडे आहेत. तेरापैकी अकरा चौकोन मोकळे झाले. मऊ जागा कोरडी पडतेय, काल डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या आणि पहिल्यांदा "बरं आहे" म्हणाल्या. परवा त्यांनी पान खाल्लं, म्हणजे साहेबांनी. शिंप्याने कागदावर साहेबांच्या पाठीचा कट काढलाय, ब्लाऊजचा काढतात तसा, आणि जो चौकोन साफ होईल त्यावर खडूची खूण करतो. पट्टी त्याच्याच हातात असते. मी समोर बसून कसं करायचं ते सांगतो. हात लावत नाही.

पॉलिशच्या बाटल्या, स्पिरिट, हत्यारं, सगळं त्याने माझ्यासमोर खाली नेलं. चाळीस वर्षांची हत्यारं. मी रडलो, लपवत नाही. गुरुवारी तो मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो आणि चार पानं टाळत राहिलो.

भिंगरीला माझ्याकडे पाठवू नकोस.

मला ती हवी आहे. मी खाट ठेवलीय, शाळा पाहिलीय, सकाळी केस विंचरायचा सराव म्हणून शिंप्याच्या लोकरीच्या वेण्या घातल्यात. जूनपर्यंतचे दिवस मोजतोय. पण ताई, साहेबांना निदान अंगावर कवच आहे. मी समोरच्याला झाकण समजलो, आणि त्याने पाय हलवले तेव्हाही मला ते झाकणच वाटलं. भिंगरी एखाद्या दुपारी माझ्याजवळ येऊन बसेल. पाय हलवत बसते ती, तुला माहीत आहे. त्या दुपारी ती मला कोण वाटेल? मला ठाऊक नाही. शिंपी शिवत असेल. आणि मी खुशीत असेन, गुणगुणत असेन, हेच मला सगळ्यांत भयंकर वाटतं. मला कळणारसुद्धा नाही.

तू प्रशिक्षण पुढे ढकल, नाहीतर तिच्या आत्याला विचार, नाहीतर लोखंडी खाट. तिला वाईट वाटेल. वाटू दे. वाईट वाटायला पोर धडधाकट असली पाहिजे. सुट्टीत तू स्वतः घेऊन ये, आणि मला तिच्याजवळ एकट्याला सोडून पाणी प्यायलाही उठू नकोस.

शेवटचं, आणि हे नीट ऐक. मी तुला फोन करीन. पुढच्या आठवड्यात किंवा मेमध्ये. म्हणेन, बाबा बरा आहे, ते पत्र घाबरून लिहिलं होतं, साहेब ठणठणीत आहेत, भिंगरीला पाठव. माझा आवाज अगदी माझाच असेल. मी विनवण्या करीन, रागावीन, तुझ्या आईची शपथ घालीन. बदकाचा ब्रश आणलाय म्हणून सांगेन आणि तुला हसू येईल. त्या माणसाचं ऐकू नकोस. तो तुझा बाबा नाही असं नाही, तोही मीच असेन, आणि त्याला ती माझ्याइतकीच हवी असेल. तरी त्याचं ऐकू नकोस. ह्या पत्राची कार्बन प्रत मी माझ्याकडे ठेवत नाही, शिंप्याकडे दिली आहे. "असं ठरलंच नव्हतं" असं मी म्हटलं, तर तो दाखवेल.

साहेबांच्या पाठीवरून, मोकळ्या झालेल्या चौकोनावरून, आज एक बोट फिरवलं. शिंपी बघत होता. साहेबांना कळलं.

आजच्या तारखेपुरता शुद्धीवर असलेला,
तुझा
बाबा